तुम्ही विचारलंत म्हणून : इंजिनातला कार्बन कशाने काढावा?

घरच्या घरी गाडीचे इंजिन उघडणारी मंडळी मला हमखास एकच प्रश्न विचारतात : हेड (सिलिंडरांवरचे झाकण) उतरवले आहे, पिस्टनवर आणि व्हॉल्व्हवर कार्बन धरला आहे, तर तो काढायला सर्वांत जालीम काय वापरावे? माझे उत्तर ऐकून बहुतेकांचा हिरमोड होतो, कारण जालीम असे काहीच वापरू नये, असेच मी सांगतो. पिस्टनच्या माथ्यावर उरलेला पातळसा थर इंजिन निमूटपणे सोसते. मात्र तो थर घाईने खरवडताना पडलेला ओरखडा किंवा आत राहून गेलेला कण ते सोसत नाही.

हा थर म्हणजे अर्धवट जळलेले इंधन आणि करपलेले तेल. तो जाड झाला की ज्वलनकक्षातली जागा कमी होते, दाब वाढतो, थराचे तापलेले टोक ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटवू शकते आणि इंजिन ठोके देऊ लागते. ज्या पेट्रोल इंजिनांत इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, त्यांत इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर इंधन पडतच नाही, त्यामुळे क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या, तेल असलेल्या भागातून) येणारी तेलाची वाफ तिथे बसत जाते आणि ती धुऊन काढणारे काही उरत नाही. अशा इंजिनाच्या टाकीत व्हॉल्व्ह साफ करणारे द्रव्य ओतणे व्यर्थ आहे. ते व्हॉल्व्हच्या त्या भागापर्यंत पोहोचणार तरी कसे?

कशाने काढावा हे ठरवण्याआधी भाग कोणत्या धातूचा आहे ते पाहावे. बिडाचा ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा भाग) बरेच काही सहन करतो, पण आजच्या गाड्यांचे पिस्टन आणि बहुतेक हेड अ‍ॅल्युमिनिअमचे असतात आणि अ‍ॅल्युमिनिअमला कॉस्टिक सोडा चालत नाही. ओव्हन साफ करायच्या अनेक द्रव्यांत तोच असतो. त्यात बुडवलेला पिस्टन फसफसू लागतो तेव्हा कार्बन सुटतो आहे असे वाटते, प्रत्यक्षात धातू विरघळत असतो आणि हायड्रोजन बाहेर पडत असतो. म्हणून विकतचे कार्बन रिमूव्हर घेतानाही ते अ‍ॅल्युमिनिअमला चालते, असे डब्यावर छापलेले आहे ना, हे वाचूनच घ्यावे.

खरे काम भिजवण्याने होते. सुटा केलेला भाग रात्रभर रॉकेलात ठेवला तर तेलकट कीट मऊ पडते आणि दुसऱ्या दिवशी निम्मी मेहनत वाचते. दगडासारख्या घट्ट झालेल्या थराला मात्र रिमूव्हरच लागते, तेही एकापेक्षा अधिक वेळा. रॉकेलाच्या जागी पेट्रोल कधीही घेऊ नये. रॉकेलाची वाफ साधारण 38 अंश सेल्सिअसच्या वर पेट घेण्याजोगी होते, तर पेट्रोलची शून्याखाली 40 अंशांवरही होते, म्हणजे कोणत्याही खोलीत ती पेटायला तयारच असते. रॉकेल वापरतानाही दारे-खिडक्या उघड्या असाव्यात आणि जवळपास ज्योत नसावी.

खरवडण्यासाठी लाकडाची किंवा कठीण प्लास्टिकची पट्टी आणि पितळी ब्रश पुरेसा होतो. गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांमधली सांधा बंद करणारी पट्टी) बसते त्या पृष्ठभागावर पोलादी पाते लावू नये, कारण तिथली बारीकशी खोबणसुद्धा पुढे दाबाला किंवा पाण्याला वाट करून देते. ड्रिलला लावायच्या घासणाऱ्या चकत्यांचा मोह सर्वांत मोठा असतो, कारण काही मिनिटांत सगळे लखलखते. त्या चकत्यांतून झडणारी भुकटी बहुधा अ‍ॅल्युमिनिअम ऑक्साइडची असते, ती अतिशय कठीण असते आणि तेलाच्या वाटेने बेअरिंगपर्यंत पोहोचली तर बेअरिंग खाऊन टाकते. जनरल मोटर्सने आपल्या कारागिरांसाठी काढलेल्या सूचनापत्रात याच कारणासाठी अशा चकत्यांविरुद्ध बजावले आहे. लखलखाट हवा कुणाला? तो तर हेड बसवल्यावर दिसणारही नाही.

पिस्टन ब्लॉकमध्येच ठेवून साफ करायचा असेल तर तो वरच्या टोकाला आणावा, त्याच्या आणि सिलिंडरच्या भिंतीमधल्या फटीत ग्रीस भरावे, आणि बाकीचे सिलिंडर, तेलाच्या व पाण्याच्या वाटा स्वच्छ चिंध्यांनी बंद कराव्यात. सुटलेला कचरा व्हॅक्यूमने ओढून घ्यावा. दाबाची हवा मारली की तो नको तिथेच जाऊन बसतो. नंतर पिस्टन किंचित खाली नेऊन ग्रीस आणि त्यात अडकलेले कण पुसून काढावेत. जुन्या दुरुस्ती-पुस्तिकांत तर झिजलेल्या इंजिनाबाबत पिस्टनच्या कडेला कार्बनचे बारीक कडे मुद्दाम ठेवावे, असे सांगितलेले असे, कारण ते तेल वर येण्याला काहीसा अटकाव करते. मला तो सल्ला पटतो.

पिस्टन बाहेर काढला असेल तर रिंगांच्या (पिस्टनभोवती बसणाऱ्या कड्यांच्या) खाचांतला कार्बन जुनी रिंग मोडून तिच्या टोकाने काढतात. रिंग त्याच मापाची असल्यामुळे हत्यार म्हणून ती नेमकी बसते, पण खाचेच्या तळाशी धातू कापला जाणार नाही, इतकाच जोर द्यावा. पिस्टनच्या बाजूवरचा करडा-काळा लेप काजळी समजून घासू नये. तो कारखान्यातच दिलेला असतो.

थ्रॉटल बॉडीचे, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागाचे, काम वेगळे आहे. तिच्यासाठी खास तिचेच क्लीनर आणि मऊ कापड घ्यावे, पाकळीला जोराने ढकलू नये, आणि हवेचे प्रमाण मोजणाऱ्या सेन्सरवर ते क्लीनर उडू देऊ नये. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने ओला असलेला भाग तर कधीच तापवू नये, कारण त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

हातमोजे घाला, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि फारच थोडे ऐकतात. धुराड्यांतल्या काजळीमुळे ती साफ करणाऱ्यांना कर्करोग होतो, हे लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी 1775 मध्येच नोंदवले होते. इंजिनातला काळा राडाही रोज हाताला लावून घेण्याजोगा नाही.

व्हॉल्व्ह काढताना प्रत्येकावर त्याच्या जागेची खूण करावी, कारण तो आपल्याच बैठकीशी घासून बसलेला असतो. ते परत बसवल्यावर पोर्टमध्ये (व्हॉल्व्हमागच्या वाटेत) थोडे रॉकेल ओतून ज्वलनकक्षाच्या बाजूने पाझरते का, ते पाहावे. पाझरले तर बैठकीवर अजून कार्बन आहे किंवा ती पुन्हा घासून जुळवायला हवी. हेडचे गॅस्केट नवेच घ्यावे, ताणून बसणारे बोल्ट असतील तर तेही नवे घ्यावेत, आणि पुस्तिकेत दिलेल्या क्रमाने व जोराने आवळावेत. गाडी सुरू करण्याआधी तेल आणि फिल्टर बदलावा, आणि काही दिवस चालवल्यानंतर, नेहमीच्या मुदतीची वाट न पाहता, दोन्ही पुन्हा एकदा बदलावीत.