वीस किलो सहाशे ग्रॅम दूध आणि वीस लिटरची पावती

दूध संकलन केंद्राच्या पावतीवर माझा राग अजून पुरता गेलेला नाही, कारण जी गोष्ट तिथल्या माणसाला एका वाक्यात सांगता आली असती, ती उमगायला माझे तीन आठवडे गेले. गाई घेणे, केंद्रावर नाव नोंदवणे, खाते क्रमांक देणे हे सगळे चार दिवसांत उरकले होते. अडले ते मापावर. घरच्या धान्याच्या काट्यावर, कॅनचे वजन वजा करून, 20 किलो 600 ग्रॅम भरलेले दूध केंद्रावर पोहोचले की पावतीवर 20 लिटर होऊन उतरत असे. मी लिटर आणि किलो एकच धरून चालले होते, त्यामुळे दहा दिवसांच्या बिलात सहा लिटरची खोट मला स्वच्छ दिसत होती. विचारले तर "ताई, मशीन तसंच दाखवतं" एवढेच उत्तर मिळाले आणि माझा कॅन बाजूला सरकवला गेला.

मग मी स्वयंपाकघरातला छोटा काटा काढला, प्लॅस्टिकच्या जगात लिटरच्या रेघेपर्यंत दूध ओतले आणि वजन केले. ते भरले 993 ग्रॅम. म्हणजे एक लिटर दूध किलोपेक्षाही हलके! या हिशेबाने माझे दूध वीस लिटर सातशे मिलिलिटरच्या वर जात होते, आणि केंद्राची चोरी आणखी वाढत होती. कागदावर आकडेमोड करून मी दुसऱ्या दिवशी तावातावाने केंद्रावर गेले. तो कागद कोणी वाचलाही नाही, ते बरेच झाले म्हणायचे.

अडकण्याचे कारण मात्र त्या जगातच होते, आणि ते लक्षात आले सासूबाईंमुळे. माझी चिडचिड ऐकून त्या म्हणाल्या, "अगं, मापाचा शेर वेगळा आणि वजनाचा शेर वेगळा. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर चुरमुरे सारखेच भरतील का?" पाणी मोजून पाहावे हे मला तोवर सुचलेच नव्हते, पाण्याचे काय मोजायचे, ते तर किलोच असणार, असा माझा समज होता. तो समज निराधार नव्हता, कारण अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये किलोग्रॅम ठरवला गेला तोच एक लिटर पाण्याच्या वजनावरून. त्याच जगात त्याच रेघेपर्यंत पाणी भरले, तर काट्याने दाखवले 965 ग्रॅम. रेघच चुकीची होती.

जग फेकून देणार होते, पण हातात दोन आकडे होते आणि दोन्ही एकाच रेघेचे होते. 993 ला 965 ने भागले, तर 1.029 आले. रेघ खोटी असली तरी दोन्ही द्रवांना ती सारखीच खोटी होती. पुढे शेंगदाण्याचे तेल मोजले, ते 880 ग्रॅम, म्हणजे पाण्याच्या 0.912 पट. तेल पाण्यापेक्षा दाट वाटते, तरी आमटीवर त्याचा तवंग वर येतो. बोटाला जाणवणारा दाटपणा आणि पुस्तकातली घनता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शाळेत पाठ केले होते. पटले ते इथे. (हे आधी सांगायला हवे होते: जग प्रत्येक वेळी कोरडा करावा, रेघ डोळ्यांच्या पातळीवर आणून पाहावी, आणि ताज्या दुधाचा फेस बसू द्यावा, नाहीतर आपण हवाच मोजतो.)

दूध पाण्यापेक्षा जड असते ते त्यात विरघळलेली साखर, प्रथिने आणि क्षार यांच्यामुळे. स्निग्धांश उलट हलका असतो. म्हणून साय काढलेले दूध अधिक जड भरते, जे मला आजही मनाविरुद्ध वाटते. केंद्रावर लॅक्टोमीटरची, म्हणजे दुधात तरंगत त्याची घनता दाखवणाऱ्या नळीची, डिग्री 28 लागली म्हणतात, तिचा अर्थ पाण्याच्या 1.028 पट इतकाच. पाणी घातले की डिग्री उतरते आणि साय काढली की चढते, तेव्हा दोन्ही केल्यास डिग्री जागेवर राहू शकते. फॅट वेगळी तपासतात ती त्यासाठीच.

नंतर केंद्राच्या सचिवांनी सांगितले की काटा किलोच मोजतो आणि 1.03 ने भागून लिटर दाखवतो. 20.6 भागिले 1.03, बरोबर वीस. मी बाजारातून सरकारी शिक्क्याचे लिटरचे माप आणले. त्यात पाणी 996 ग्रॅम आणि आमच्या गाईंचे कोमट दूध 1,025 ग्रॅम भरले, कारण उष्णतेने दूध थोडे फुगते आणि त्याच मापात कमी वजनाचे मावते. 20.6 ला 1.025 ने भागले, तर वीस लिटर आणि वर सुमारे शंभर मिलिलिटर येतात. सहाशे ग्रॅमची तक्रार मी मागे घेतली आहे. या अर्ध्या कपाची घेतलेली नाही, आणि पावतीवर लिटरशेजारी किलोही छापावा असा अर्ज मी देऊन ठेवला आहे.