मळणीच्या बैलाला मुसकं नाही

राहुरीकडच्या आमच्या वस्तीवर बाजरीची मळणी बैलांच्या पायाखाली व्हायची. खळ्याच्या मधोमध तिवडा म्हणजे खांब, त्याच्याभोवती बैलांची पात. खळ्यात शेण पडू नये म्हणून पाटी घेऊन मागं मागं फिरणं हे माझं काम. आजूबाजूच्या खळ्यांवर बैलांच्या तोंडाला मुसकी असायची. आमच्या सर्ज्याच्या तोंडाला नसायची. चालता चालता तो कणसात तोंड घालायचा आणि आबा त्याला घालू द्यायचे. कोळपणीला मात्र आबा स्वतः मुसकं बांधायचे, कारण तिथं पीक उभं असतं. मळणीचं वेगळं. “या दाण्यासाठी वर्षभर राबलाय तो,” एवढंच म्हणायचे.

बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातलं २५:४ हे वचन त्यांना तोंडपाठ होतं: मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं बांधू नको. रविवारी औत जुंपायचं नाही, मग रानात वाफसा असो नाहीतर काही असो. बायबलच्याच ‘निर्गम’ पुस्तकात, २३:१२ मध्ये, सातव्या दिवसाचं कारणच दिलंय, की बैलाला आणि गाढवाला विसावा मिळावा. दासीच्या मुलाचं आणि परक्याचं नाव त्यांच्यानंतर येतं.

मोठी झाल्यावर बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा नववा अध्याय वाचला आणि अडखळले. पौल तेच बैलाचं वचन घेतो, देवाला बैलांची काळजी आहे म्हणून का हे लिहिलं, असं विचारतो आणि ते सुवार्तिकाच्या, म्हणजे धर्मप्रचारकाच्या, पोटापाण्याला लावतो. मी आबांकडे गेले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “बैलाचा हक्क खरा असेल, तरच पौलाचा दाखला उभा राहतो ना बाई?” पुढं त्यांनी योनाचं पुस्तक उघडून शेवटची ओळ दाखवली. निनवे शहराची दया का येऊ नये, हे देव सांगतो: तिथं एक लाख वीस हजारांवर माणसं आहेत, आणि पुष्कळ गुरंढोरंही. पुस्तक त्या गुरांपाशीच संपतं. पाळकांची कितीतरी प्रवचनं ऐकली, पण माझ्या मनात हेच बसलंय.

आता मी पुण्यात राहते. बैल नाहीत. पार्किंगमध्ये एक म्हातारी कुत्री आहे, मागच्या पायानं लंगडणारी. पावसाळ्यात तिच्याखाली कोरडं गोणपाट घालते. एप्रिल-मे मध्ये भिंतीपाशी सिमेंटचं पसरट भांडं ठेवते आणि रोज घासून पाणी बदलते, नाहीतर डास होतात. जिन्यात कुणी भेटलं की विचारतं, एवढा वेळ कसा मिळतो? मला ही वेगळी सेवा वाटत नाही. जेवणाआधी आम्ही प्रार्थना करतो, “आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.” त्या ‘आम्हांला’मध्ये ती कुत्री येत नाही असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आबा आता चौऱ्याऐंशीचे आहेत, गावीच असतात. रविवारी उपासनेनंतर फोन करतात. नातवंडांची चौकशी झाली की विचारतात, “आणि तिचा पाय?” मी सांगते, सूज उतरलीय, काल जिन्याच्या दोन पायऱ्या चढली.