आजोबांना सांगितले होते का?

तुम्ही विचारलेत म्हणून सविस्तर लिहिते. माझे आजोबा स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेले आणि तो बरा होणारा नाही हे आम्हाला सुरुवातीपासून ठाऊक होते, असे कळल्यावर बहुतेक जण आवाज हलका करून एकच गोष्ट विचारतात : "त्यांना सांगितले होते का?" विचारणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी त्याच वेळी कोणीतरी वडीलधारे आजारी असते, म्हणून नुसते 'हो' म्हणून मी थांबत नाही.

आपल्याकडे काय घडते, ते सर्वांनी पाहिलेले आहे. रिपोर्ट आले की पेशंटला बाहेर बाकावर बसवतात, मुलगा आणि जावई आत जातात आणि बाहेर येऊन "कावीळ आहे, उतरेल" असे सांगतात. यामागे माया असते आणि त्या मायेला मी नावे ठेवणार नाही. माझ्या काकांचेही तेच म्हणणे होते की ऐंशी ओलांडलेल्या माणसाला हे सांगून काय साधणार, ते उगाच खचतील. पण आजोबांची सगळी नोकरी नाशिकरोडच्या चलार्थ पत्र मुद्रणालयात, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या नोट प्रेसमध्ये, छापील कागदांवरचे दोष शोधण्यात गेली होती. वजन उतरले आहे, डोळे पिवळे झाले आहेत, सुना स्वयंपाकघरात जाऊन रडत आहेत, हे त्यांना दिसत नव्हते असे मानणे मला त्यांचा अपमान करण्यासारखे वाटत होते.

हा वाद घरात मिटला नाही. तो डॉक्टरांनी मिटवला. त्यांनी आजोबांना आत बोलावून आधी फक्त एवढे विचारले, "आजोबा, तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला किती माहिती हवी आहे? सगळे तुम्हाला सांगू, की मुलांशी बोलू?" आजोबा म्हणाले, "मला सांगा. मुलांनाही बसू द्या." मग डॉक्टरांनी स्वच्छ शब्दांत सांगितले की गाठ स्वादुपिंडात आहे, ती यकृतापर्यंत पसरली आहे आणि ऑपरेशनचा उपयोग नाही. किती दिवस, या प्रश्नावर ते म्हणाले की दिवस मोजून सांगता येणार नाहीत, पण आपण वर्षांचे नव्हे, महिन्यांचे बोलत आहोत.

ते खचले का, असे पुढे विचारतात. हो, त्यांना फार वाईट वाटले. काही दिवस ते कोणाशी बोलले नाहीत आणि एका दुपारी आजीचा हात धरून रडले. आजीही रडली. इतकी वर्षे एकत्र काढलेल्या त्या दोघांना ते एकत्र रडता आले, हेच मला आजही फार मोलाचे वाटते, कारण लपवाछपवी झाली असती तर आजी ओट्यापाशी आणि आजोबा पलंगावर, असे दोघे वेगवेगळे रडत राहिले असते.

त्यानंतर त्यांनी जे केले, ते माहीत नसलेल्या माणसाला करता आले नसते. केमोथेरपी घ्यायची नाही, हे त्यांनी तिचे फायदे आणि त्रास नीट समजून घेऊन स्वतः ठरवले. कावीळीमुळे अंगाला सुटणारी खाज मात्र त्यांना दुखण्यापेक्षा असह्य होत होती, म्हणून पित्तनलिकेत दुर्बिणीतून स्टेंट, म्हणजे अडलेल्या पित्ताला वाट करून देणारी बारीक नळी, बसवून घेण्याला ते आनंदाने तयार झाले आणि पुढच्या काही दिवसांत खाज ओसरली. आजीच्या फॅमिली पेन्शनचे कागद त्यांनी स्वतः लावले. व्हेंटिलेटर नको, हेही त्यांनी लिहून ठेवले. असे वैद्यकीय इच्छापत्र करण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येते. चैत्रात कामदा एकादशीला पंचवटीत राम आणि गरुडाचे रथ निघतात, ते पाहायचे आहेत असे त्यांनी सांगितल्यावर, ही इच्छा पुढच्या वर्षावर ढकलायची नाही हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही. आम्ही त्यांना खुर्चीवर बसवून नेले.

दुखण्याबद्दल जरा जास्त लिहिते, कारण खरा कस तिथे लागतो. स्वादुपिंडाचे दुखणे पोटातून पाठीत जाते, उताणे झोपले की वाढते आणि पुढे वाकले की थोडे हलके होते; त्यामुळे आजोबा मध्यरात्री मांडीवर उशी घेऊन तिच्यावर वाकून बसलेले असत. डॉक्टरांनी मॉर्फिन, म्हणजे अफूपासून बनणारे तीव्र वेदनाशामक, लिहून दिले तेव्हा घर पुन्हा घाबरले. व्यसन लागेल, शुद्ध जाईल, मॉर्फिन म्हणजे आता संपलेच, असे प्रत्येकाच्या मनात होते. वस्तुस्थिती अशी की कॅन्सरच्या वेदनेसाठी योग्य मात्रेत, देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन लागण्याची भीती फार कमी असते आणि सुरुवातीची गुंगी बहुधा थोड्या दिवसांत कमी होते. साध्या गोळीचा परिणाम साधारण चार तास टिकतो, म्हणून ती दुखू लागण्याची वाट न पाहता घड्याळ लावून द्यायची असते. बद्धकोष्ठता मात्र जवळजवळ सर्वांना होते, म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून बरोबरच सुरू करावे लागते. गोळी कशासाठी आहे हे आजोबांना ठाऊक असल्यामुळे ते स्वतः वेळ सांगत आणि दुखणे दहापैकी किती आहे, याची वहीत नोंद ठेवत. आजार लपवला असता, तर त्यांच्या हातात आम्ही ही वही कशी दिली असती?

जेवणावरून आजीला फार यातना झाल्या. "एक घास तरी घ्या" हे तिचे अखेरपर्यंत चालू होते. या टप्प्यावर शरीर अन्नाचा उपयोग करून घेऊ शकत नाही, भूक जाते ती आजारामुळे, रांधणारीच्या हाताला चव नाही म्हणून नव्हे, हे एका नर्सबाईंनी आजीजवळ बसून तिला समजावले. मग आजी चमच्याने पेजेचे पाणी देई, ओठांना तूप लावी आणि तेवढ्यावर समाधान मानी.

सर्वांनाच सांगावे, असे माझे म्हणणे नाही. माझ्या आत्याच्या सासूबाईंना निफाडला असेच विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "मला नको, पोराला सांगा." त्यांच्या घरी तेच पाळले गेले आणि ते योग्यच होते. ठरवायचे आहे ते त्या माणसाने, बाहेरच्या बाकावर बसवून ठेवणाऱ्यांनी नव्हे.

तुमच्या घरी आत्ता हे चालू असेल, तर पुढच्या भेटीला त्यांना आत घेऊन जा आणि डॉक्टरांकडे पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे दुखणे आणि इतर त्रास कमी करणाऱ्या सेवेची, चौकशी त्याच दिवशी करा; ती सेवा शेवटच्या आठवड्यासाठी नसते, निदानापासूनच घेता येते. मॉर्फिन गल्लीतल्या दुकानात मिळत नाही. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातले नियम २०१४ च्या दुरुस्तीने सैल झाले, तरी ठरावीक मान्यताप्राप्त ठिकाणीच ते ठेवलेले असते. ते ठिकाण कोणते, कोणती चिठ्ठी लागते आणि सुट्टीच्या दिवशी काय करायचे, हे दुखणे वाढण्याआधीच विचारून, लिहून फायलीत ठेवा.