गच्चीवरचे बटाटे: ८५व्या दिवशी गोण्या उलट्या केल्या

२ नोव्हेंबरला लावलेले बटाटे काल, २६ जानेवारीला काढले. जागा पुण्यातली, चौथ्या मजल्यावरची गच्ची. बेणं, म्हणजे लावायचे बटाटे, कुफरी पुखराज या जातीचं, मंचरच्या बाजारातून आणलेलं. पुखराज लवकर तयार होतो, म्हणून थंडी संपायच्या आत हाती लागतो. लावण्याआधी बेणं दोन आठवडे टोपलीत, उजेडात पण उन्हात नाही, असं ठेवलं होतं. कोंब जाड, आखूड आणि जांभळट आले की समजायचं जमलं. अंधारातले पांढरे लांब कोंब हात लागताच मोडतात.

यंदा दोन भांडी होती. एक १५ इंची काळी ग्रो बॅग, दुसरी तांदळाची पांढरी गोणी. दोन्हींत तीन-तीन बेणी, माती सारखीच: निम्मी बागेतली माती, उरलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत, वर दोन मुठी निंबोळी पेंड. झाडं वीतभर झाल्यावर भर दिली, म्हणजे खोडाभोवती माती चढवली, पुन्हा पंधरा दिवसांनी दिली.

डिसेंबरात दुपारी तीनला मातीत थर्मामीटर खुपसून पाहिला. काळ्या पिशवीत ३१ अंश, पांढऱ्या गोणीत २५. बटाटा धरायला जमीन गार लागते, रात्री २० अंशांच्या खाली उतरल्या तर उत्तमच. त्याच दिवशी काळ्या पिशवीभोवती जुनी पांढरी चादर गुंडाळली, पण तोवर महिना उलटून गेला होता.

४५व्या दिवशी राहवलं नाही, गोणीच्या कडेनं बोट घातलं. पांढऱ्या, दोऱ्यासारख्या फांदीच्या टोकाला वाटाण्याएवढा बटाटा, साल इतकी नाजूक की अंगठ्यानं निघाली. बटाटा मुळाला लागत नाही, जमिनीखालच्या खोडाच्या टोकाला फुगतो, हे तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

काढणीच्या दहा दिवस आधी पाणी तोडलं, म्हणजे साल घट्ट होते. गोणीत १ किलो ३५० ग्रॅम, काळ्या पिशवीत ७८० ग्रॅम.

भर देऊन देऊन उंची वाढवली की थरावर थर बटाटे लागतात, असं आपण सगळेच ऐकतो. माझ्याकडे सगळे बटाटे बेण्याच्या आसपास पाच-सहा इंचांतच सापडले, वरच्या फूटभर मातीत एकही नाही. तरी भर सोडू नका. तिच्यामुळे बटाटे उजेडापासून झाकले जातात. कडेला उघडा पडलेला एक हिरवा झाला होता, तो मी टाकून दिला. हिरवा भाग कडू आणि विषारी असतो.

पुढच्या वर्षी उंच नाही, रुंद गोण्या घेणार, सगळ्या पांढऱ्या. लावणीही ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात करणार.

सुपारीएवढे चौदा निघाले, ते आज सकाळी सालासकट जिरं-तिखटावर परतले.