केस पेपरवर 'घरी लागलं' लिहू देऊ नका : यंत्रमागावरच्या अपघाताची भरपाई, माझा अनुभव

मागावर हात सापडला की पहिली धावपळ रक्त थांबवण्याची असते. पण भरपाईचं प्रकरण पुढे जिथे अडतं, त्याचं मूळ बहुधा त्याच पहिल्या तासात असतं. दवाखान्यात सोबत आलेला माणूस मालकाचा असतो आणि 'कसं लागलं?' याचं उत्तर तोच देतो. 2023 मध्ये टॉवेलच्या मागाच्या गिअरमध्ये माझ्या उजव्या हाताची तर्जनी मुळापासून गेली आणि केस पेपरवर नोंद झाली, 'घरी लागलं.' ही नोंद डिस्चार्ज कार्डावर उतरण्याआधी बदलून घ्यावी लागते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना लेखी अर्ज द्यायचा, त्यात कारखान्याचं नाव, पाळी, वेळ आणि मागाचा नंबर लिहायचा, एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर केस) अशी नोंद करायला सांगायची आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्यायचा. मालकालाही अपघाताची नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवायची. अपघात त्याच्याच जागेत झाला असेल, तर नोटीस राहिली म्हणून दावा बुडत नाही. पण हातात पोचपावती असली की 'आम्हाला माहीतच नव्हतं' हे म्हणणं टिकत नाही.

मग रस्ता कुठला ते ठरवायचं. कारखान्यात दहा किंवा जास्त माणसं असतील आणि पगार महिना 21,000 रुपयांपर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगारांची सरकारी विमा योजना, लागू होते. तसं असेल तर आमच्या सोलापुरात होटगी रोडचा कामगार विमा दवाखाना आणि ईएसआयची शाखा हाच मार्ग, कारण ईएसआयचा लाभ मिळणाऱ्याला मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. कामावरच्या अपघातासाठी किती महिने वर्गणी भरली याची अट नसते. कामाचा पहिला दिवस असला तरी हक्क असतो. हात बरा होईपर्यंत सरासरी रोजाच्या 90 टक्के मिळतात. कायमचं नुकसान राहिलं तर मेडिकल बोर्ड टक्के ठरवतं आणि त्या प्रमाणात दरमहा पैसे चालू राहतात. अपघाताचा रिपोर्ट मालकाने पाठवायचा असतो. तो गेला का, हे शाखेत जाऊन स्वतः विचारा.

आमच्या शेडमध्ये आठच माणसं होती, म्हणून कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, 1923 (21 नोव्हेंबर 2025 च्या आधीच्या अपघातांना तोच लागू). या कायद्याला माणसांच्या संख्येची अट नाही. यंत्र विजेवर चालतं, तिथे उत्पादन होतं, एवढं पुरतं. सोलापुरात कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच भरपाई कमिशनर म्हणून हे दावे ऐकतात.

रक्कम कोणाच्या मर्जीवर ठरत नाही. महिन्याच्या पगाराचे 60 टक्के, त्याला वयाचा गुणांक आणि त्याला नुकसानीचे टक्के. पगार 15,000 च्या वर असला तरी 15,000 च धरतात. गुणांक कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात आहे : 30 वर्षं पूर्ण असतील तर 207.98, चाळिसाला 184.17, पन्नासला 153.09. टक्के पहिल्या परिशिष्टात : अंगठा 30, पूर्ण तर्जनी 14, मधलं बोट 12, अनामिका किंवा करंगळी 7, चारही बोटं 50. धोटा (मागावर आडवा धागा नेणारा भाग) उडून एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असला तर 40.

माझं वय 40, पगार 12,000. 7,200 गुणिले 184.17, त्याचे 14 टक्के, म्हणजे 1,85,643 रुपये. मालकाने पगार 8,000 सांगितला. तोच हिशेब तेव्हा 1,23,762 वर येतो. सगळी लढाई या 62,000 रुपयांची असते आणि ती पगाराच्या पुराव्यावर जिंकली किंवा हरली जाते. इथे बहुतेकांचा पगार नगावर, आठवड्याला, रोख. कायद्यानुसार आधीच्या बारा महिन्यांची कमाई बेरजेला घेऊन सरासरी काढतात. म्हणून आठवड्याच्या चिठ्ठ्या, मास्तरच्या वहीचे फोटो, फोनवर आलेले पैसे, शेजारच्या मागावरच्या कामगाराची साक्ष, जे असेल ते जपून ठेवा. काहीच नसलं तर यंत्रमागाचं किमान वेतन तरी धरावं, असा आग्रह वकिलामार्फत धरा.

बोट हाताला आहे पण कायमचं वाकत नाही, अशा वेळी अनेकजण दावाच करत नाहीत. हे चुकीचं आहे. वापर पूर्ण आणि कायमचा गेला तर ते बोट गेलंच असं कायदा धरतो. परिशिष्टात नसलेल्या इजेत, समजा खांद्याच्या, डॉक्टरांनी 'कमाईची क्षमता इतकी टक्के घटली' असं स्पष्ट लिहायला हवं. दिव्यांग प्रमाणपत्रावरचे टक्के ही वेगळी गोष्ट आहे. ते दाखवून काम भागत नाही.

मालक स्टॅम्प पेपरवर 'तीस हजार मिळाले, तक्रार नाही' असं लिहून घेऊ पाहतो. कमिशनरकडे न नोंदवलेल्या अशा करारामुळे पूर्ण भरपाईची जबाबदारी सुटत नाही, आणि कमिशनरने वेगळा आदेश दिला नाही तर दिलेल्या पैशांपैकी जास्तीत जास्त निम्मेच वजा होतात. दवाखान्याचं बिल मात्र भरपाईतून वजा होत नाही, उपचाराचा खर्च वेगळा द्यावाच लागतो. आणि आपल्याकडे सगळ्यांना अडवणारी गोष्ट म्हणजे उचल, मालकाकडून आगाऊ घेतलेले पैसे. उचल भरपाईतून कापून घेता येत नाही, कलम 9 मध्ये ते सरळ लिहिलेलं आहे. हे मागावरच्या प्रत्येकाला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

दावा दोन वर्षांच्या आत. मालकाची विमा पॉलिसी असेल तर कंपनीलाही पक्षकार करा. एका महिन्यात पैसे दिले नाहीत तर वर्षाला 12 टक्के व्याज लागतं आणि कारण नसताना रखडवलं असेल तर भरपाईच्या निम्म्यापर्यंत दंडही, पण अर्जात दोन्ही मागितलेलं असायला हवं. 21 नोव्हेंबर 2025 पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे, त्यामुळे त्यानंतरच्या अपघाताच्या अर्जात कलमं तिथली घालावीत.

निकालानंतर रक्कम कमिशनरकडे जमा होते. आधार आणि पासबुकवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळत नसेल तर ती तिथेच पडून राहते. तेलुगू आडनावांचं मराठी आणि इंग्रजी स्पेलिंग इथे हमखास वेगळं निघतं, ते आधीच दुरुस्त करून घ्या. आणि व्याज जमा झालेल्या तारखेपर्यंत मोजलंय का, हे बघूनच पावतीवर सही करा.