विटेचे उपयोग

आज वहीत वस्तू होती वीट. कल्पकता वाढावी म्हणून रोज सकाळी एक वस्तू आणि तिचे वीस उपयोग. सुचेल ते लिहायचं, बरं-वाईट नंतर. वीस झाले. तरी दुपारपासून काहीतरी टोचतंय.

आई मेथी निवडत होती. सहज विचारलं, विटेचं काय काय करता येईल गं? मान वर न करताच म्हणाली, "कुणाला 'थांब' सांगता येतं. पुंडलिकाने नाही का फेकली देवाकडे? आईबापांची सेवा चाललीय, तोवर यावर उभा राहा म्हणाला." आणि जुडी संपवून उठली.

हे माझ्या यादीत नाही. दर गणपतीत ती आरती घसा ताणून म्हणणारी मी, आणि मला विटेवरचा विठ्ठल आठवू नये? इतके महिने वही भरून काय मिळवलं मग? दादा फोनवर म्हणाला तेच खरं की काय... जाऊ दे, ते आज नको.

यादी परत वाचली. स्कूटरच्या चाकाखाली, ताडपत्रीवर, पिंपाच्या झाकणावर, रद्दीच्या गठ्ठ्यावर, दार आपटू नये म्हणून. सगळीकडे वीट नुसतं वजन देतेय. कल्पकता मोजायला हाच विटेचा प्रश्न विचारणारा मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड उत्तरं मोजायचाच, पण ती किती तऱ्हांची आहेत हेही बघायचा. त्या हिशेबाने माझे वीस म्हणजे चारच: बांधकाम, वजन, टाचा घासणं, खेळ. भरपूर सुचू द्या, निवड मागाहून करा, हे ब्रेनस्टॉर्मिंगची पद्धत रुजवणाऱ्या ऑस्बॉर्नचं म्हणणं मला अजूनही पटतं. पण विठोबा मी गाळला नव्हता. तो आलाच नाही.

गिलफर्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1957 मध्ये दाखवलं होतं की सरावाची उत्तरं आधी येतात, वेगळी उशिरा. आईचं तर पहिलंच! मग संध्याकाळी लक्षात आलं, तिच्यासाठी तेच सरावाचं. वीट म्हटली की तिला पंढरपूर दिसतं, मला ताडपत्री. तिला आपण काही खास बोललो असं वाटलंसुद्धा नसेल. हे कळल्यावर जरा बरं वाटलं, पूर्ण नाही.

'थांब सांगायला' हा एकविसावा लिहिला, पुढे कंसात आई.

उद्या दोरी. कपडे वाळत घालणं, गाठोडं बांधणं, उड्या मारणं आत्ताच लिहून टाकते, म्हणजे सकाळी त्यांच्या पुढून सुरुवात होईल.