मृत साठ्यातलं पाणी नळापर्यंत नेताना: टंचाईच्या उन्हाळ्यांतला माझा अनुभव

धरणातला उपयुक्त साठा शून्यावर आला की सगळं गाव एकच विचारतं, पाणी किती दिवस पुरेल? मराठवाड्यातल्या आमच्या नगरपरिषदेच्या पाणीपुरवठ्यात आम्हाला त्याच दिवसापासून दुसरी काळजी लागते. उरलेलं पाणी मृत साठ्यातलं, म्हणजे धरणाच्या पाणी सोडण्याच्या दाराखालचं असतं. तळाचा गाळ, शेवाळ, कुजलेला पाला सगळं त्यात उतरलेलं असतं, आणि हे सगळं क्लोरीन खातं. एरवी पुरणारी मात्रा तेव्हा टाकीतच संपते आणि शेवटच्या घराच्या नळाला काहीच उरत नाही.

जॅकवेलपर्यंत, म्हणजे धरणातलं पाणी उपसायच्या विहिरीपर्यंत, पाणी येत नाही म्हणून चर खोदावा लागतो किंवा तराफ्यावर पंप बसवावा लागतो. आम्ही तराफाच पसंत करतो. चरातून गाळासकट पाणी येतं. तराफ्यावरच्या पंपाचं तोंड तळापासून वर धरता येतं. मात्र अगदी पृष्ठभागालाही लावू नये, तिथे शेवाळाची साय असते.

शुद्धीकरण केंद्रावर तुरटीची मात्रा जुन्या वहीवरून ठरवायची नाही. रोज सकाळी जार टेस्ट करायची. 10 ग्रॅम तुरटी 1 लिटर पाण्यात विरघळवली की त्या द्रावणाचा 1 मिली, 1 लिटर नमुन्यात 10 मिलिग्रॅम तुरटी देतो. सहा भांड्यांत चढत्या मात्रा टाकून एक मिनिट जोरात, मग पंधरा-वीस मिनिटं सावकाश ढवळायचं आणि अर्धा तास निवळू द्यायचं. ज्या सर्वांत कमी मात्रेला पाणी नितळ झालं, ती त्या दिवसाची मात्रा. वाढवत गेलं की गढूळपणा घटतोच असं नाही, उलट पीएच उतरतो आणि गुठळ्या धरत नाहीत. मग चुना लागतो.

आता टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. ताज्या पावडरीत साधारण 33 टक्के क्लोरीन असतो, पण पोतं उघडं राहिलं, दमट खोलीत किंवा उन्हात पडलं की तो झपाट्याने उडतो. 1 लाख लिटरच्या टाकीला लिटरमागे 2 मिलिग्रॅम द्यायचे तर 200 ग्रॅम शुद्ध क्लोरीन हवा. 33 टक्क्यांच्या पावडरीचे ते 600 ग्रॅम होतात, 20 टक्क्यांच्या पावडरीचा पूर्ण 1 किलो. पावडरीची टक्केवारी न तपासता ‘नेहमीसारखं’ टाकणं, ही टंचाईत होणारी सर्वांत मोठी चूक.

पावडर सरळ टाकीत उपडी करू नये. प्लास्टिकच्या बादलीत आधी लगदा, मग पाणी, दहा मिनिटं थांबून वरची निवळी तेवढी घ्यायची. तळाचा चुना टाकीत गेला तर व्हॉल्व्हमध्ये बसतो. निवळी टाकी भरत असतानाच सोडायची, म्हणजे मिसळते. त्यानंतर अर्धा तास व्हॉल्व्ह उघडायचा नाही, मागून कितीही फोन आले तरी.

ओटी टेस्ट, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून पाण्यातला उरलेला क्लोरीन बघायची चाचणी, टाकीखाली घेऊन काही कळत नाही. ती वाटपाच्या शेवटच्या टोकाला घ्यायची. तिथे लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन दिसला पाहिजे. पिवळा रंग आल्या आल्या, दहा सेकंदांत वाचायचा. उशिरा चढणारा रंग बहुधा बांधलेल्या, म्हणजे अमोनियासारख्या घाणीशी जोडल्या गेलेल्या क्लोरीनचा असतो आणि त्याने फसगत होते.

आठ दिवसांआड पाणी सोडताना खरा धोका पाइपात असतो. पाणी बंद झालं की लाइन रिकामी होते, आत पोकळी तयार होते आणि गळक्या जोडातून बाहेरचं पाणी ओढलं जातं. आमच्याकडे कितीतरी घरांचे कनेक्शन गटारातून गेलेले आहेत. टंचाईत गॅस्ट्रोची साथ येते ती बहुतेक याच वाटेने. घरोघरी मोटारी लागल्या की ओढ आणखी वाढते. म्हणून मोठ्या भागाला बारीक धार देण्यापेक्षा भाग लहान करून पूर्ण दाबाने पाणी द्यावं, आणि जमलं तर त्या वेळेत त्या भागाची वीज बंद ठेवून घ्यावी. व्हॉल्व्ह मात्र सावकाश फिरवायचा. एकदम उघडला तर अडकलेली हवा पाइप फोडते. पहिल्या दहा मिनिटांचं पाणी वॉशआउटमधून, म्हणजे लाइन धुण्याच्या व्हॉल्व्हमधून, सोडून द्यायचं. टंचाईत ते जिवावर येतं, पण ते पाणी टाकीत धरून बांधकामाला, झाडांना देता येतं.

टँकर हा आधार आहे, पर्याय नाही. लातूरला 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, तेव्हा 10 वाघिणींत मिळून 5 लाख लिटर पाणी होतं. 40,000 वस्तीला माणशी 20 लिटर द्यायचे तरी रोज 8 लाख लिटर लागतात, म्हणजे 10,000 लिटरच्या 80 खेपा. अधिग्रहित विहिरीचं पाणी घेताना नायट्रेट आणि फ्लोराइड आधी तपासून घ्यावं. ही दोन्ही क्लोरीनने जात नाहीत, उकळल्याने तर आणखी दाट होतात. नायट्रेट लिटरमागे 45 मिलिग्रॅमच्या वर असलेल्या विहिरीवर आम्ही ‘फक्त वापरासाठी’ असा लाल पट्टा मारतो. तान्ह्या बाळाच्या वरच्या दुधाला ते पाणी घातक.

विहिरीच्या पाण्याला किती टीसीएल लागेल ती मात्रा हॉरॉक्स या चाचणी-संचाने काढावी. सहा पांढऱ्या कपांत एक, दोन, तीन अशा चढत्या थेंबांनी टीसीएलचं द्रावण टाकून अर्ध्या तासाने संचातल्या सूचकाचे थेंब टाकायचे आणि निळा रंग बघायचा. तिसऱ्या कपात पहिल्यांदा निळं आलं तर 455 लिटरला 6 ग्रॅम पावडर, म्हणजे 10,000 लिटरच्या टँकरला सुमारे 130 ग्रॅम. निवळी रिकाम्या टँकरमध्ये आधी ओतायची, वरून पाणी भरायचं. रस्त्यातल्या हिसक्यांनी ती मिसळते आणि गावात पोचेपर्यंत अर्धा तासही भरतो.

शेवटचा टप्पा घरातल्या बॅरलचा. साठवलेल्या पाण्यातला क्लोरीन एक-दोन दिवसांत निघून जातो, आणि आठवडाभरात डेंग्यूचा डास तयार होऊ शकतो. नुसतं रिकामं करून भागत नाही, अंडी काठाला चिकटलेली असतात. पाणी येण्याच्या आदल्या रात्री बॅरल आतून घासून पालथं घालायचं आणि भरल्यावर तोंडाला सुती कापड घट्ट बांधायचं. पिण्याचं पाणी वेगळ्या भांड्यात काढून त्यात क्लोरीनची गोळी, पाकिटावर छापलेल्या मापाने.